डाव्या हाताची पंगत

बापू चौबळ उभे असलेले मला फारसे आठवतच नाहीत. आठवतात ते पालथे. ओटीवर पालथे, परसात पोफळीच्या बुंध्याशी पालथे, एकदा तर भर बंदरावर, उतारूंच्या ट्रंका-वळकट्यांमध्ये पालथे. एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर लुगडं नेसलेली एक सुपारी. आमच्या कचेरीत सगळ्यांचे कोट कोपरांवर झिजत. बापूंचा पोटावर झिजे.

मी सांगतोय ती पंचवीस-सव्वीस सालापासून पुढच्या दहाएक वर्षांतली हकीकत. रेवदंड्याला आगबोटीच्या एजंटाची कचेरी होती. कचेरी म्हणजे काय, एक कौलारू खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्यांतली एक मोडकी. तिच्यात आम्ही दोघे कारकून. मी पत्रव्यवहार बघायचा, बापूंनी तिकिटं फाडायची. मुंबईची बोट खाडीच्या तोंडाशी येऊन भोंगा देई, मग उतारूंना पडावात घालून तिच्यापर्यंत पोचवायचं. पावसाळा लागला की बोटी बंद. नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत समुद्र आमच्याकडे ढुंकून बघत नसे आणि आम्ही त्याच्याकडे. त्या दिवसांत मी माझा दमा जोपासत असे आणि बापू त्यांची कला.

कला हा शब्द माझा नव्हे हो, बापूंचा. गाव सरळ म्हणे, "चौबळांचा बापू भातुकली खेळतो."

सुरुवात मात्र रीतसर माणसांपासून झाली होती. बापूंनी मुंबईच्या चोरबाजारातून एक घडीचा कॅमेरा उचलून आणला. काळा भाता, पितळी कडीतलं भिंग आणि आत सरकवायच्या काचेच्या प्लेटी. आणल्या दिवशीच त्यांनी बंदरावर जाहीर करून टाकलं की ज्याला हवा त्याचा फोटो फुकट. एक माणूस पुढे येईल तर शपथ! त्या काळी आमच्याकडे घरात फोटो असायचा तो गेलेल्या माणसाचा, आणि त्याला हार असायचा. पडावावरचा पोशा नाखवा एरवी उधाणात पडाव घालणारा गडी, पण कॅमेरा बघितल्याबरोबर तो मागं सरला.

"नको रं बापू. फोटू काढला का मानूस भितीवर जातं."

"अरे, तुला कोण भिंतीवर घालतंय?"

"माजी बायकू घालंल ना! हाराला फुलं हायेत दारात."

घरी वैनींना विचारलं. वैनी म्हणजे बापूंची बायको. आम्ही सगळेच त्यांना वैनी म्हणत असू. त्या चुलीपुढून मान न वळवता म्हणाल्या, "माझा मेल्यावर काढा. तेव्हा हलणारही नाही मी."

शेवटी बळी गेला तो मी. मला कचेरीतल्या मोडक्या खुर्चीत बसवलं, मान डुलू नये म्हणून पाठीमागून काठवट टेकवली, आणि बापू म्हणाले, "जोशीबुवा, मी बस म्हणेपर्यंत दगड व्हा." मी झालो. पण माझ्या नाकावर जी माशी येऊन बसली ती काही दगड व्हायला तयार नव्हती. फोटो धुऊन निघाला त्यात मला दोन नाकं होती आणि डोळा एकही नव्हता. आमची ही तो उजेडाकडे धरून म्हणाली, "हुबेहूब आलाय हो!"

त्या दिवशी बापूंनी मनुष्यजातीचा नाद सोडला. म्हणाले, "माणसाला हलू नको म्हटलं की त्याला आठवतं, अरे, आपल्याला हलता येतं! सुपारीला ही आठवण नसते." आणि चौलापासून रेवदंड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोफळीच्या वाड्या असताना सुपारीला काय तोटा? एकदा सुपारीला काजळाने डोळे काढले की माणूस तयार. तारेचे हात, काडीचं अंग, चिंधीचं धोतर. बापूंच्या खिशात हात घातला तर त्यातून एखादं अख्खं कुटुंब निघे. तिकिटाच्या सुट्या पैशांबरोबर त्यांनी एकदा कुणा देशमुखांच्या तळहातावर एक बोडकी सुपारी ठेवली होती, आणि ते गृहस्थ ती चघळत चघळत बोटीवर चढले. बापू आठवडाभर हळहळत होते. तो म्हणे त्यांचा भटजी होता.

पालथं पडण्यामागेही त्यांचं शास्त्र होतं. "उभं राहून बघितलं की खेळणं ते खेळणंच," ते म्हणत. "त्याच्या डोळ्याइतकं खाली जा, मग बघ. गवताची काडी माड होते. जग लहान नसतं हो जोशीबुवा, आपण उगाच उंच असतो." मी त्यांच्या शेजारी पालथा पडून बघितलं आहे. खरं सांगतो, पहिल्यांदा नुसती धूळ नाकात गेली. मग हळूहळू ती समोरची पांगाऱ्याच्या लाकडाची होडी मोठी होत गेली, आणि वाळूतला आरशाचा तुकडा चक्क खाडी दिसायला लागला. उठलो तेव्हा माझं मलाच विचित्र वाटलं. पण हे मी बापूंना बोलून दाखवलं नाही. आधीच ते काय कमी होते!

माझ्याकडे धुराचं काम असे. आगबोटीच्या चिमणीमागे उदबत्ती धरायची आणि बापूंनी खूण केली की हलकेच फुंकर घालायची. दम्याच्या माणसाला हे काम! मला खोकल्याची ढास लागली की बापू ओरडत, "वादळ नकोय, वादळ नकोय!" एकदा त्यांना पौर्णिमा हवी होती. भर दुपारी माजघराची दारं लावून घेतली, उडदाचा पापड टांगला, मागे कंदील धरला आणि फक्कड चंद्र उगवला. थोड्या वेळाने चंद्राला वास यायला लागला. वैनींनी दार उघडून बघितलं. पापडाचा डबा उचलून आत नेला आणि एक अक्षर न बोलता दार पुन्हा लावून घेतलं. बापूंना त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

कारण खरी गोष्ट ही होती की वैनी ते फोटो बघतच नसत. सगळा गाव हसायला का होईना, बघून गेला. पोशा नाखव्याने आपल्या पडावाचं खेळणं फोटोत बघितलं आणि "डोलकाठी आखूड झाली" म्हणून दोषही काढला. वैनी मात्र नाही. बापू फोटो छापून झाला की तो माजघराच्या फडताळात दुधाच्या तपेलीला टेकवून ठेवीत, म्हणजे दूध घ्यायला हात गेला की नजर जाईलच. दुसऱ्या दिवशी फोटो पालथा असे आणि वर तपेली. एक फोटो लोणच्याच्या बरणीवर दादऱ्याच्या फडक्याखाली बांधलेला निघाला. बापू कचेरीत येऊन मला म्हणाले, "बरणीवर गेला. म्हणजे निदान हातात तरी घेतला असेल." असा आशावादी माणूस मी दुसरा बघितला नाही. त्यांना बक्षीस नको होतं, नाव नको होतं. वैनींनी एकदा, एकदाच, फोटो नीट बघावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि ते त्याला मिळत नव्हतं.

मी आपला वैनींना मनातल्या मनात कठोर म्हणत असे. मग एकदा आमच्या हिने मला गप्प केलं.

चौबळांना मूल नव्हतं. हे गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. मला ठाऊक नव्हतं ते हे, की वैनी लग्न होऊन दिवेआगरहून आल्या तेव्हा त्यांच्या हाताची कीर्ती त्यांच्या आधी आली होती. रुखवतात मांडायच्या सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, साखरेचं तुळशीवृंदावन, वेलदोड्यांची पालखी, सगळं त्यांच्या बोटांत होतं. पंचक्रोशीतलं लग्न वैनींच्या रुखवताशिवाय उभं राहत नसे. मग वर्षं गेली आणि पाळणा काही हलला नाही. एका मोठ्या घरी बारसं होतं. वैनींनी लवंगांच्या चिमण्या करून पाळण्यावर टांगायचं चिमणाळं नेलं. त्या घरच्या म्हातारीने ते बाळाच्या वरून सोडवलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तिच्या हातचं नको गं. बाळाच्या डोक्यावर नको." वैनी तिथं प्रसादाची सुंठवडा-साखर हातावर घेऊन उभ्या होत्या. घरी आल्या आणि हातातली ती कला त्यांनी टाकून दिली. पुन्हा सुपारीला हात लावला नाही, अडकित्त्याने कातरण्याखेरीज.

"आणि आता त्यांच्याच ओटीवर त्यांचा नवरा सुपाऱ्यांना लुगडी नेसवतो," आमची ही म्हणाली. "लोक हसत जातात, पोर नाही म्हणून खेळतोय म्हणतात. त्यांनी ते कुठल्या डोळ्यांनी बघायचं?"

दुसऱ्या दिवशी मी बापूंना विचारलं, "हे तुम्हाला माहीत आहे?" बापू तिकिटांचा गठ्ठा सारखा करायला लागले. म्हणाले, "माहीत नसायला काय झालं? मी सुपारीच का घेतली वाटलं तुम्हाला? गावात लाकडाच्या बाहुल्या मिळत नव्हत्या की काय?" मग लगेच नेहमीच्या सुरात, "तिच्याइतकी निरी मला येत नाही हो. मेली फुगते."

त्याच सुमाराला शेठजींचं प्रकरण झालं. शेठजी म्हणजे आमच्या एजन्सीचे मुंबईचे मालक. वर्षातून एकदा येत, मोडक्या खुर्चीत बसत, दचकत आणि परत जात. त्या वर्षी ते आले तेव्हा बापूंनी नुकताच काढलेला एक फोटो कचेरीच्या भिंतीला लावला होता. ओहोटीची वेळ, चिखलात कलंडलेली आगबोट, चिमणीतून धुराची बारीकशी रेघ (तो माझा धूर), आणि वाळूवर हताश उभे असलेले उतारू. शेठजींनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चौबळ! आ शुं छे? आपली बोट कादवमां बसली, ने मला तार पण नाय?"

"नाही शेठजी, ती..."

"पेसेंजर लोकचं काय झाला? बोट चलावणारा सारंग कोण होता? आजच काढून टाकते तेला!"

बापूंनी नम्रपणे सांगितलं, "सारंग सुपारी आहे, शेठजी."

शेठजींना वाटलं कारकुनाला वेड लागलं. मग बापूंनी टेबलाखालून ती वीतभर बोट काढून समोर ठेवली, डब्याच्या पत्र्याच्या चिमणीसकट. शेठजींनी बोट बघितली, फोटो बघितला, पुन्हा बोट बघितली, आणि मग त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र त्यांच्यातला मालक जागा झाला. बोट सरळ उभी करून पुन्हा फोटो काढ, म्हणाले, मुंबईच्या ऑफिसात लावतो. कुठलाही शहाणा कारकून 'हो' म्हणाला असता. बापू म्हणाले, "आत्ता नाही व्हायची शेठजी. ओहोटी आहे. भरती आल्याशिवाय बोट सरळ कशी होणार?"

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. मी पत्रव्यवहारात डोकं खुपसलं. शेवटी ते तो कलंडलेला फोटोच घेऊन गेले, भागीदाराला घाबरवायला उपयोगी पडेल म्हणून. बापूंची नोकरी वाचली. संध्याकाळी त्यांनी घरी ही सगळी हकीकत शेठजींच्या आवाजासकट करून दाखवली. मी ओटीवर पोट धरून हसत होतो. वैनी आतून म्हणाल्या, "बरं." आणि तांदूळ निवडायला लागल्या.

त्यानंतर बापूंनी पंगत करायला घेतली. एका फळीवर लग्नाची पंगत, दोन्ही बाजूंना पाट, मधून वाट. जेवणारे सुपारीचे, पानं केळीच्या कोवळ्या पानाच्या नखभर तुकड्यांची, भात खऱ्या कणीचा, वरण हळदीच्या पाण्याचं. पानं वाढायला आमच्या हिला बोलावलं होतं. तिने दाभणाच्या टोकाने एकेक पदार्थ जागच्या जागी ठेवला. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि वालाचं बिरडं, वर मधोमध मीठ. जेवणाऱ्यांचे तारेचे हात बापूंनी वाकवून घासाशी आणले. पंगतीच्या टोकाला दोन बायका उभ्या, पदर खोचलेल्या. सगळा दिवस त्यात गेला. फोटो छापून आला तो बघून मी तर थक्क झालो. सगळ्या पंगतीवर एक हलकं, पुसट धुकं होतं.

"काय साधलंय बापू!" मी म्हटलं.

"गरम भाताची वाफ," बापू बोटाने दाखवत म्हणाले. "मला वाटलंच होतं धरता येईल."

तो फोटो आठवडाभर ओटीवरच्या खुंटीला होता. गाव बघून गेला. पोशा नाखवा बघून गेला आणि "मासली न्हाय पंगतीला? कसली पंगत!" म्हणून गेला. शाळेतले मास्तर बघून गेले. मी तर येता-जाता त्या वाफेची तारीफ करत होतो. मग एका दुपारी मी आणि बापू ओटीवर चहा घेत बसलो होतो. (चौबळ मासे खाणारे कायस्थ, आम्ही ब्राह्मण. त्यांच्या घरी मी चहा घेत असे एवढं आमच्या आईला माहीत होतं. चहाबरोबरचे खाजाचे कानवले माहीत नव्हते, आणि सोड्यांच्या खिचडीचा वास मला आवडतो हे तर मलाही माहीत नव्हतं असं मी धरून चाललो होतो.) वैनी कळशी घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. खुंटीपाशी त्यांचं पाऊल अडखळलं. पायरी उतरल्या, थांबल्या, परत वर आल्या. कळशी कमरेवरच होती. बापूंकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या,

"भाऊजी, तुमच्या बामणांत हल्ली चटणी उजवीकडे वाढतात का हो?"

मला काही कळेना. मी उठून फोटोजवळ गेलो. आणि मग मला दिसलं. चटणी उजवीकडे. भाजी डावीकडे. त्या बायकांचे पदर भलत्याच खांद्यावरून आलेले, पार गुजरातणी झालेल्या. आणि अरे देवा, ती अख्खी पंगत, भटजीबुवांसकट, डाव्या हाताने जेवत होती!

"अशक्य!" बापू ओरडले. "मी समोर होतो! जोशीकाकूंनी पानं वाढली!"

धावत आत गेलो. फळीवर पंगत तशीच मांडलेली होती. कणीला मुंग्या लागल्या होत्या, पण चटणी डावीकडेच होती आणि हात उजवेच होते. आता ही काय भुताटकी? बापूंनी काच काढली, छापायची चौकट काढली आणि डोळ्यांशी धरली. फोटो छापताना काच उलटी ठेवली गेली होती. औषधाची बाजू कागदाला भिडायची ती वर राहिली होती आणि कोरी बाजू खाली. उन्हात छापून निघालं ते सगळं आरशातल्यासारखं उलटं, आणि मधे काचेची जाडी आल्यामुळे जरासं पुसट.

"म्हणजे ती वाफ..." मी म्हटलं.

"गप्प बसा," बापू म्हणाले.

आठवडाभर सगळं गाव त्या पंगतीपुढे उभं राहून गेलं होतं. मास्तर झाले, मी झालो, ज्याने ती मांडली तो स्वतः झाला. रोज दोन वेळा जेवणारी माणसं आम्ही! एकालाही दिसलं नाही. दिसलं ते कळशी घेऊन जाणाऱ्या बाईला, डोळ्याच्या कोपऱ्यातून.

वैनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आणि वाढपी कुठे आहेत? आपोआप वाढलं जातं का पंगतीत? बाया नुसत्या उभ्या करून ठेवल्यात. एकीच्या हातात तूप नको?" आणि गेल्या विहिरीवर.

मला वाटलं बापू खट्टू झाले असतील. एवढी मेहनत, आणि गावभर शोभा. मी सांत्वनाचं काहीतरी जुळवत होतो. तर त्यांनी माझा दंड धरला, असा की वळ उठला, आणि कुजबुजत म्हणाले, "बघितला! जोशीबुवा, तिनं बघितला!" त्यांचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझीही गत फार बरी नव्हती.

पुढे बापू सांगत सुटले की काच त्यांनी मुद्दामच उलटी ठेवली होती, वैनींना चूक दिसावी म्हणून. साफ खोटं. त्या माणसाला मुद्दाम काही करता येत असतं तर त्याने मुरूडच्या उतारूंना मुंबईची तिकिटं दिली नसती. पण ती बढाई मी कधी खोडून काढली नाही.

दुसऱ्या दिवशी फळीवर एक वाढपी उभा होता. कोणी केला हे कोणी विचारलं नाही. कमरेला पंचा, हातात सुपारीच्या सालीचा द्रोण, आणि अंग असं पुढे झुकलेलं की आत्ता विचारेल, 'तूप वाढू?' बापूंनी आयुष्यभर केलेल्या सगळ्या सुपाऱ्या त्याच्यापुढे ओंडके वाटायला लागल्या. त्यानंतर एक तूपवाली आली. मग नवरीची आई आली. बापूंची फार दिवसांची अडचण होती की सुपारीला रडवायचं कसं? वैनींनी तिचा हात वाकवला, पदराचं टोक तिच्या तोंडाशी नेलं आणि मान इतकीशी कलती केली. बस्स. डोळेसुद्धा काढले नाहीत. आमची ही ती बघून माहेरच्या आठवणीने खरंच रडली.

तिथून बापूंचं राज्य संपलं. वैनी अशा काही कडक निघाल्या की विचारू नका. "ही निरी कोणी घातली?" "नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्या कानावर आल्यात." "जोशीभाऊजी, तुम्ही धूर घालू नका, तुम्ही खोकता." मला तर कामावरून काढूनच टाकलं. उजेड कुठून यावा हेही त्याच ठरवायला लागल्या. जेवणं झाली की पितळेची मोठी परात घेऊन बसत आणि अंगणातलं ऊन तिच्यावर घेऊन फळीवर सोडत. बापू पालथे पडल्या जागेवरून, "थोडं डावीकडे... तुझं डावीकडे..." म्हणत, आणि त्यावर, "तुम्ही डाव्या-उजव्याचं बोलू नका," असं उत्तर येई. मी त्या माणसाला इतक्या शिव्या खाताना आणि इतकं खूश असलेलं कधी बघितलं नव्हतं.

गावातल्या बायका ताक मागायच्या, विरजण मागायच्या निमित्ताने येऊन बघून जाऊ लागल्या. मग कोणीतरी मुलीच्या लग्नाच्या रुखवताचं विचारलं. वैनींनी करून दिलं. मग दुसरीने विचारलं. लग्नामुंजींची बोलावणी पुन्हा घरात येऊ लागली. बारशाचं मात्र आलं नाही. एकाही घरून नाही. त्या बाबतीत आमचा गाव सुपारीपेक्षा कठीण होता. मला त्याचा राग येत असे, अजून येतो. वैनी त्याबद्दल कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. ज्या दिवशी शेजारच्या वाडीतून पाळण्याचं गाणं ऐकू येई त्या दिवशी त्या परात जरा जोरात घासत, एवढंच.

पुढे माझी बदली धरमतरला झाली. निघायच्या दिवशी सामान, मुलं आणि आमची ही पडावात बसली होती. पोशा नाखवा ओरडत होता, "जोशीबावा, पानी उतरतंय, चला बेगीन!" तरी मी वाडीतून चौबळांच्या घराकडे गेलो. निरोप आदल्या दिवशीच घेऊन झाला होता. तसं काही कारण नव्हतं. नुसतं जावंसं वाटलं.

दार लोटलेलं होतं. ओटीवर फळी मांडली होती, बापू तिच्यापुढे पसरले होते आणि वैनी परात धरून बसल्या होत्या. मी दारातच थांबलो. त्यांना माझी चाहूल लागली नाही.

फळीवर बारसं होतं. पोफळीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचा पाळणा, त्याला केळीच्या सोपटाच्या दोऱ्या. भोवती सुपारीच्या बाया, कोणी घुगऱ्यांचं ताट घेतलेल्या, कोणी गाण्यासाठी तोंड वर केलेल्या. सगळ्यांच्या मधोमध एकजण पाळण्यावर वाकली होती. तिच्या अंगावरच्या लुगड्याचे काठ मी ओळखले. वैनींच्या रोजच्या नेसणीतल्या जुनेराचे होते. पाळण्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं, पांढऱ्या टोपड्यातलं. ती त्याच्या कानात नाव सांगत होती.

बापूंनी भिंगातून बघत विचारलं, "काय गं, नाव काय ठेवलंस?"

"सांगितलंय त्याच्या कानात."

"मला नको का कळायला?" बापू भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "बाप ना मी?"

परात हलली. ऊन फळीवरून सुटून भिंतीवर गेलं, भिंतीवरून आढ्याला लागलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली येऊन पाळण्यावर स्थिर झालं.

"आधी फोटो काढा," वैनी म्हणाल्या. "मग सांगते."

खाली बोटीचा भोंगा झाला. मी आवाज न करता पायऱ्या उतरलो आणि वाडीतून बंदराकडे निघालो. नाव ऐकायला थांबलो नाही. ते त्यांच्या घरातलं होतं.